वर्तनाचे ‘नवे’ सिद्धान्त आणि त्यांची जुनी परंपरा

माणूस असा का वागतो, याचं एकच उत्तर देणारं पुस्तक दर काही वर्षांनी गाजतं. दाखल्याला लेखकाचेच रुग्ण असतात, आणि प्रत्येकाची कहाणी सिद्धान्तात चपखल बसते. ही परंपरा दोनशे वर्षं तरी जुनी आहे.

व्हिएन्नात डॉक्टरकी करणाऱ्या फ्रान्झ योसेफ गालला शाळेत असतानाच वाटलं होतं की, पाठांतरात हुशार मुलांचे डोळे पुढे आलेले असतात. त्यातूनच पुढे कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणारी फ्रेनॉलॉजी उभी राहिली. जॉर्ज कोंब या स्कॉटिश वकिलाच्या १८२८ च्या पुस्तकानं ती सामान्य वाचकांपर्यंत नेली. उंचवटा आणि स्वभाव जुळले नाहीत, तर दुसऱ्या एखाद्या गुणानं पहिल्याला आवरलं असेल, असं म्हणायची सोय होतीच.

नेमकी हीच सोय तत्त्वज्ञ कार्ल पॉपरला खटकली. १९१९ मध्ये त्यानं मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलरला एका मुलाची हकीकत सांगितली. ॲडलरनं मुलाला न पाहताच तिचा उलगडा न्यूनगंडातून करून टाकला. इतकी खात्री कशी, तर म्हणे हजार रुग्णांचा अनुभव! आता तो एक हजार एक झाला असेल, असं पॉपरनं त्याला सुनावलं. जो सिद्धान्त कुठल्याच घटनेनं चुकीचा ठरू शकत नाही त्याला विज्ञान म्हणू नये, ही पॉपरची कसोटी. मला ती आजही सर्वांत कामाची वाटते.

ती बाजूला ठेवल्याची किंमत मोठी असते. मुलांसाठी उपचारसंस्था चालवणाऱ्या ब्रुनो बेटेलहाइमनं १९६७ च्या गाजलेल्या पुस्तकात मुलांच्या स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) मूळ आईवडिलांच्या, विशेषतः आईच्या, थंडपणात शोधलं. पुराव्यादाखल होत्या त्याच्या संस्थेतल्या मुलांच्या कहाण्या. तुलनेला दुसरा गटच नव्हता. बर्नार्ड रिमलंड स्वतः स्वमग्न मुलाचा बाप आणि मानसशास्त्रज्ञ. कारण जैविक असावं, असं त्यानं १९६४ मध्येच मांडलं होतं. तरी कितीतरी आया स्वतःलाच दोष देत राहिल्या.

१९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर या मनोविकारतज्ज्ञांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत निदान एक मूल स्वमग्न होतं. एकसारख्या, म्हणजे जनुकं सारखीच असलेल्या, जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघंही स्वमग्न निघाली. भिन्न, म्हणजे साध्या भावंडांइतकीच जनुकं जुळणाऱ्या, जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत नाही. संख्या लहान खरी, पण आईचा थंडपणा हेच कारण असतं, तर या दोन गटांत फरक पडायचं कारण नव्हतं.