तुमचं मोबाइल वॉलेट कोणाला काय सांगतं?

आमच्याकडून बिटकॉइन वॉलेट बसवून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वॉलेट बसवून झालं की बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात: पैसे चोरीला जाणार नाहीत ना? वॉलेट परत मिळवून देणारे बारा किंवा चोवीस शब्द नीट जपलेत, तर त्याची काळजी बरीच कमी होते. पण तुमच्याकडे किती आहे, कधी आलं, कुठे गेलं, हे कोणाकोणाला दिसतं, ते फारसं कोणी विचारत नाही. आमच्या मते हा प्रश्न तितकाच मोठा आहे. घरात किती ठेवलंय हे अनोळखी माणसाला कळणं कोणालाच परवडत नाही.

शिल्लक दिसते कशी

बिटकॉइनची संपूर्ण खातेवही, म्हणजे व्यवहारांच्या गठ्ठ्यांची (ब्लॉकची) साखळी, आता ६०० जीबीच्या पुढे गेली आहे. ती फोनमध्ये मावत नाही. बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतोने २००८च्या निबंधातच यावर तोड सुचवली होती: फोनने फक्त ब्लॉकचे मथळे ठेवायचे. एक मथळा ८० बाइटचा, साधारण दहा मिनिटांनी एक, म्हणजे वर्षाला जेमतेम ४ एमबी. त्यावरून एखादा व्यवहार खरोखर ब्लॉकमध्ये आहे का, हे फोनला तपासता येतं. मात्र तुमचे व्यवहार कोणते, हे आधी कोणाला तरी विचारावं लागतं. गळती होते ती या विचारण्यातूनच.

इलेक्ट्रम नावाच्या वॉलेटच्या पद्धतीने चालणारी वॉलेट सर्व्हरला तुमच्या प्रत्येक पत्त्याचा (ज्यावर बिटकॉइन येतात त्या खुणेचा) हॅश, म्हणजे त्यापासून गणिताने काढलेला ठसा, पाठवतात. हॅश म्हटल्यावर काही झाकलं गेलं असं वाटतं, पण सर्व्हरकडे साखळीवरच्या सगळ्या पत्त्यांचे हॅश तयारच असतात. त्यात वॉलेट पुढच्या २० कोऱ्या पत्त्यांचीही चौकशी आधीच करून ठेवतं. म्हणजे उद्या तुम्ही जो पत्ता एखाद्याला द्याल, तो तुमचा आहे हे सर्व्हर चालवणाऱ्याला आजच ठाऊक असतं. नसलेला व्यवहार तो तुमच्या माथी मारू शकत नाही, पण तुमची सगळी नोंद ठेवू शकतो. हा सर्व्हर चालवणारा कोण, हे तुम्हाला माहीत नसतं.

‘मी टॉर (इंटरनेटवर आपला ठावठिकाणा लपवणारं जाळं) वापरतो’ असं काही ग्राहक सांगतात. जरूर वापरा. टॉरमुळे तुमचा आयपी पत्ता झाकला जातो. पण हे सगळे पत्ते एकाच माणसाचे आहेत, हे त्याने झाकलं जात नाही.

आधी झालेला उपाय, आणि तो का फसला

२०१२ मध्ये ब्लूम फिल्टरची कल्पना पुढे आली. वॉलेटने आपले पत्ते थेट सांगायचे नाहीत, एक चाळणी पाठवायची. तिच्यातून तुमच्यासोबत परके पत्तेही निसटतील आणि समोरच्याला तुमचे ओळखता येणार नाहीत, असा हिशेब होता. २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की वीसच्या आत पत्ते असलेल्या माणसाची बरीच माहिती यातून उघडी पडते. एकाच वॉलेटच्या दोन वेगवेगळ्या चाळण्या हाती आल्या की दोन्हींतून जे निघतं ते बहुधा तुमचंच. परके आपोआप गळतात. बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरने २०१९ मध्ये, ०.१९ आवृत्तीपासून, ही सोय मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. जुनं वॉलेट अजून याच पद्धतीने चालत असेल, तर ते बदला.

आज काय करावं

नव्या पद्धतीत, म्हणजे बीआयपी (बिटकॉइन सुधारणा प्रस्ताव) १५७ आणि १५८ मध्ये, गणित उलटं केलं आहे. प्रत्येक ब्लॉकसाठी एकच छोटं फिल्टर बनतं आणि ते सगळ्यांना सारखंच मिळतं. तुमचा फोन ते उतरवून घेतो, आपले पत्ते त्यात आहेत का हे स्वतःशीच पाहतो, आणि जुळलं तर तो अख्खा ब्लॉक मागवतो. त्या ब्लॉकमधल्या हजारो व्यवहारांपैकी तुमचा कोणता, हे देणाऱ्याला कळत नाही. दिवसाला १४४च्या आसपास ब्लॉक, तेवढीच फिल्टर, म्हणजे काही एमबी डेटा. आजच्या रिचार्जमध्ये तो जाणवणारही नाही. कॉम्प्युटरवर वसाबी, मोबाइलवर लाइटनिंगसाठी (बिटकॉइनवरची झटपट पेमेंटची सोय) ब्लिक्स्ट ही वॉलेट अशा फिल्टरवर चालतात. कोणते ब्लॉक मागवले यावरूनही थोडा माग लागू शकतो, म्हणून इथे टॉर जोडीला हवंच.

रक्कम मोठी असेल तर आमचा आग्रह स्वतःच्या नोडचा, म्हणजे संपूर्ण खातेवही स्वतःकडे ठेवून तपासणाऱ्या कॉम्प्युटरचा. जुना डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर), २ टीबीची एसएसडी, आणि छोटा यूपीएस. यूपीएस टाळू नका. लाइट अचानक गेली की डेटाबेस बिघडू शकतो आणि दिवसेंदिवस चाललेलं सिंक (खातेवही उतरवून तपासणं) पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. नोडवर इलेक्टर्स (electrs, इलेक्ट्रम पद्धतीचा स्वतःचा सर्व्हर) बसवलं की फोन आणि लॅपटॉप दोन्ही त्यालाच विचारतात. स्पॅरो या कॉम्प्युटरवरच्या वॉलेटमध्ये खाली उजव्या कोपऱ्यातलं बटण पाहा: पिवळं असेल तर तुम्ही सार्वजनिक सर्व्हरवर आहात, निळं म्हणजे तुमचा खासगी सर्व्हर, हिरवं म्हणजे थेट तुमचा बिटकॉइन कोअर.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात घ्या. जुनं वॉलेट नव्या नोडला जोडलं, म्हणून आधी सांगून झालेलं पुसलं जात नाही. नव्या शब्दांचं नवं वॉलेट काढा आणि यापुढची आवक त्यातच घ्या. जुन्यातलं सगळं एका फटक्यात नव्यात ओतू नका. तो एकच व्यवहार दोन्हींची गाठ कायमची बांधतो. जुनं हळूहळू खर्चात काढा.

एक्सपब आणि आयकर

एक्सपब म्हणजे ज्यातून खात्याचे पत्ते बनतात ती सार्वजनिक किल्ली. तिने पैसे काढता येत नाहीत, पण त्या खात्याचे मागचे-पुढचे सगळे पत्ते तिच्यातून दिसतात. पोर्टफोलिओ दाखवणाऱ्या ॲपमध्ये ती चिकटवू नका. सीएंना हिशेब हवा असेल तर व्यवहारांची यादी फाइल करून द्या, तेवढ्यावर त्यांचं काम होतं. आणि हिशेब द्यायचाच आहे: नफ्यावर ३० टक्के कर १ एप्रिल २०२२ पासून आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस त्याच वर्षीच्या १ जुलैपासून लागू झाला. केवायसी केलेल्या एक्स्चेंजकडे तुमचा पैसे काढण्याचा पत्ता असतोच. आम्ही सांगतो ती गोपनीयता अनोळखी लोकांपासूनची आहे. कर चुकवण्यासाठी आम्ही कोणालाही मदत करत नाही.

नोड किंवा वॉलेटची जोडणी करायला याल तेव्हा लॅपटॉप आणि चार्जर आणा. शब्दांचा कागद घरीच ठेवा. जोडणीला तो लागत नाही, आणि आमच्या नावाने कोणी फोनवर ते शब्द मागितले तर फोन ठेवून द्या.