झाडावर घर करणारं बदक : नांदूर मधमेश्वरची अडई

नाशिककरांची पक्षी पाहायची हौस डिसेंबरात जागी होते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा बांधला गेला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत राहिला आणि उथळ पाणी, छोटी बेटं, पाणकणसाची दाट वाढ असं नांदूर मधमेश्वरचं पाणथळ तयार झालं. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. थंडीत इथल्या दुर्बिणी तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक यांच्यावर रोखलेल्या असतात. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्याच पाण्यात तांबूस-तपकिरी रंगाची, लांब मानेची, जेमतेम अर्धा किलो वजनाची अडई थव्यानं बसलेली असते आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. ती इथलीच. अंडी इथेच घालते, पिलंही इथेच वाढवते. आणि जीवशास्त्राच्या दृष्टीनं त्या सगळ्या मेळ्यात सर्वांत वेगळी तीच आहे.

थॉमस हॉर्सफील्ड यांनी १८२१ मध्ये जावा बेटावरच्या पक्ष्यावरून तिचं शास्त्रीय वर्णन केलं. म्हणून तिचं नाव डेंड्रोसिग्ना जावानिका. डेंड्रोसिग्ना या गटात जगभरात आठ जाती आहेत, साऱ्या उष्ण आणि उपोष्ण प्रदेशांतल्या. बदकांच्या कुळाचा वंशवृक्ष मांडला, तर या गटाची फांदी अगदी बुडापाशी फुटलेली दिसते. हंस आणि नेहमीची बदकं एकमेकांपासून वेगळी होण्याआधीच ही शाखा आपल्या वाटेनं निघाली होती.

त्या जुन्या वेगळेपणाच्या खुणा आजही अंगावर दिसतात. बहुतेक बदकांत नर रंगीत आणि मादी मळकट असते. पिसंही वर्षातून दोनदा बदलतात. अडईत नर-मादी हुबेहूब सारखे, आणि अंगावरची पिसं वर्षाकाठी एकदाच बदलतात. पायांवरचे खवले हंसांसारखे जाळीदार. आवाज तर ‘क्वॅक’ नाहीच. बारीक, दुपदरी शीळ, तीही बहुधा उडताना. शिवाय पंखातल्या सर्वांत बाहेरच्या पिसाच्या आतल्या कडेची घडण अशी, की हवा कापताना तिथूनही शिट्टीसारखा आवाज निघतो.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तिचा संसार. थापट्या किंवा तलवार बदकाचा नर मादी अंडी उबवायला बसली की तिला सोडून निघून जातो. अडईची जोडी दीर्घकाळ टिकते आणि नर स्वतः अंड्यांवर बसतो. पावसाळा हा त्यांचा विणीचा हंगाम. घरटं झाडाच्या ढोलीत, कधी कावळ्याच्या किंवा बगळ्याच्या जुन्या घरट्यात, तर कधी पाण्याकाठच्या दाट गवतात. इतर बदकं घरट्यात स्वतःच्या अंगावरची मऊ पिसं उपटून अंथरतात, अडई तसं करत नाही. पांढरी अंडी साधारण सात ते बारा असतात. दोघं आळीपाळीनं बसून २२ ते २४ दिवसांत ती उबवतात. ढोलीतली पिलं अंड्यातून बाहेर आल्यावर लवकरच, पंख फुटायच्या कितीतरी आधी, सरळ खाली उडी घेतात. अंग हलकं आणि लव दाट, त्यामुळे इजा होत नाही. मग आईबाप दोघं मिळून त्यांना पाण्याकडे नेतात.

दिवसा थवा पाण्यावर किंवा काठावर विसावलेला असतो. क्वचित एखाद्या वठलेल्या फांदीवरही अडई बसलेली दिसते. चरणं मुख्यतः रात्रीचं. संध्याकाळी शिळा घालत थवे उठतात आणि उथळ पाण्याकडे, भातखाचरांकडे जातात. पाणवनस्पतींचे कोंब, बिया, धान्य हा मुख्य आहार. गोगलगायी, छोटे मासे, बेडूकही चालतात. गरज पडली तर बुडीही छान मारते.

म्हणूनच अडईसाठी नुसतं पाणी राखून भागत नाही. काठावरची जुनी, पोकळ खोडाची झाडंही तितकीच लागतात. ‘वाळलंय, काय उपयोग’ म्हणून शेताच्या बांधावरचं असं झाड सहज तोडलं जातं. माझ्या मते पाणथळाच्या आसपास तरी ते उभं ठेवावं. ढोली तयार व्हायला कित्येक वर्षं लागतात आणि घुबडं, पोपट, साळुंक्याही त्यांच्यावरच अवलंबून असतात. जगभराचा विचार करता अडईला आज धोका नाही. नेहमीच्या पक्ष्याची काळजी घ्यायची वेळ हीच असते.

ओळखायची एक खूण सांगतो. तिची थोराड बहीण, मोठी अडई, भारतात कमी दिसते. मात्र ती आफ्रिका आणि अमेरिकेतही आढळते. दोन्ही एकत्र असल्या तर गोंधळ होतो. थवा उडाला की शेपटीच्या बुडाशी, वरच्या बाजूला पाहा. तिथे तांबूस रंग असेल तर आपली अडई, पिवळसर पांढरा पट्टा चमकला तर मोठी.