मानेतली गाठ : आधी सुरी की आधी घसा?

मानेच्या सुजेला मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती. एकच मोठा फुगवटा असेल तर गलगंड, मण्यांसारख्या ओळीने गाठी आल्या तर गंडमाळ, कानाखाली गाल सुजला तर गालगुंड. हे तिन्ही शब्द आजही बोलताना बिनदिक्कत एकमेकांच्या जागी येतात. तिन्ही शब्द गाठ कशी दिसते आणि कुठे आहे एवढंच सांगतात. पायाला जखम झाल्यावर जांघेत येणाऱ्या गाठीला मात्र आपण अवधाण म्हणतो, आणि त्या शब्दात दुखणं दुसरीकडे आहे हे गृहीतच असतं. मानेच्या बाबतीत ही साधी समज वैद्यकात रुजायला फार वेळ लागला.

जुना काळ थोडक्यात. युरोपात गंडमाळेवर राजाचा हस्तस्पर्श हा उपचार होता. इंग्लंडमध्ये तो १७१४पर्यंत चालला आणि फ्रान्समध्ये शेवटचा विधी १८२५मध्ये झाला. या गाठी कधी कधी आपोआप बसतात, त्यामुळे श्रेय राजाला मिळत राहिलं. गलगंडावर जिनिव्हातल्या एका डॉक्टरने १८२०मध्ये आयोडीन द्यायला सुरुवात केली. पुढे १९२२मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ते मिठातून दिलं जाऊ लागलं. १८८२मध्ये क्षयाचा जंतू सापडला आणि गंडमाळ म्हणजे बहुतांशी लसग्रंथींचा (संसर्गाशी लढणाऱ्या छोट्या गाठींचा) क्षय, हे कोडं सुटलं.

त्याच १८८२मध्ये दुसरं एक कोडं घातलं गेलं, आणि खरी गुंतागुंत तिथून सुरू होते. एका जर्मन शल्यविशारदाने मानेच्या खोल भागात कर्करोगाच्या गाठी पाहिल्या. तोंड, घसा, त्वचा, कुठेही मूळ दिसेना. गर्भावस्थेत मानेपाशी माशाच्या कल्ल्यांसारख्या कमानी असतात. त्यांचे अवशेष मागे राहून पुढे पाण्याच्या गाठी होतात, हे तेव्हा माहीत होतं. मग कर्करोगही त्याच अवशेषांतून उगवला असणार, असा तर्क त्याने मांडला आणि 'कल्लाजन्य कर्करोग' असं नाव दिलं. तर्क सुबक होता, आणि नाव मिळालं की शोध थांबतो. पुढची कित्येक दशकं मूळ न सापडलेली गाठ या नावाखाली जमा होत गेली.

१९५०मध्ये न्यूयॉर्कच्या एका शल्यविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या निदानासाठी कडक अटी घातल्या. त्यातली एक अट जीवघेणी होती : रुग्णावर किमान पाच वर्षं लक्ष ठेवायचं आणि तेवढ्या काळात दुसरीकडे कुठेही मूळ कर्करोग निघता कामा नये. अटी लावल्या आणि जुनी प्रकरणं धडाधड गळू लागली. बहुतेकांचं मूळ टॉन्सिलमध्ये, जिभेच्या मुळाशी किंवा नाकामागच्या पोकळीत होतं आणि तिथून रोग मानेच्या लसग्रंथींत उतरला होता. कुणी नीट पाहिलं नव्हतं इतकंच. १९५२मध्ये याच माणसाने स्पष्ट लिहिलं की प्रौढाच्या मानेतली गाठ पाहिली की आधी घसा बघा, गाठ कापून काढणं सगळ्यात शेवटी.

हे पटायला हवं होतं, पण सवय मोडली नाही. गाठ हाताला लागते, वरवर असते, छोटीशी चीर देऊन काढता येते आणि प्रयोगशाळेत उत्तर मिळतं. यात चूक काय, असं शल्यविशारद विचारत. सुईने पेशी ओढून तपासण्याची पद्धत १९३०मध्येच प्रसिद्ध झाली होती, पण तेव्हाच्या सुया जाड होत्या आणि सुईच्या वाटेने रोग पसरेल ही भीती होती. स्वीडनमध्ये बारीक सुईवर चिकाटीने काम झालं तेव्हा कुठे ती रुळली.

१९७८च्या एका अभ्यासात असं दिसलं की आधीच गाठ उघडून तपासलेल्या रुग्णांमध्ये पुढे जखम चिघळणं, मानेत रोग परतणं आणि तो दूर पसरणं, तिन्ही जास्त होतं. १९९०नंतर यावर प्रतिवाद आला : लगेच पुरेसे किरणोपचार दिले तर फरक उरत नाही. असेलही. पण 'पुरेसे' आणि 'लगेच' या दोन शब्दांवर किती भार टाकायचा? शिवाय आधीच कापलेल्या मानेत दुसऱ्यांदा शिरणाऱ्याची कसरत अभ्यासाच्या कोष्टकात मावत नाही.

वादाला नवं वळण विषाणूने दिलं. तंबाखू न ओढणाऱ्या, तुलनेने तरुण माणसांमध्ये टॉन्सिलचा कर्करोग दिसू लागला. त्यातल्या अनेकांमागे एचपीव्ही हा विषाणू होता. मूळ गाठ इतकी लहान की घसा दुखतही नाही. पहिली खूण म्हणजे मानेतली गाठ, आणि तीही बरेचदा आतून पाण्याने भरलेली. म्हणजे हुबेहूब ती जुनी कल्ल्याची गाठ! शंभर वर्षांपूर्वीची फसवणूक उलट्या दिशेने परतली. तेव्हा कर्करोगाला कल्ल्याचं मूळ चिकटवलं जायचं, आता कर्करोगालाच निरुपद्रवी पाण्याची गाठ समजून सोडून दिलं जाऊ लागलं. चाळिशीपुढे पहिल्यांदा उगवलेल्या अशा गाठीला जन्मजात म्हणताना डॉक्टरही आता बिचकतात, आणि ते बरंच आहे.

अमेरिकी तज्ज्ञांनी २०१७मध्ये प्रौढांसाठी काढलेल्या सूचनांमध्ये हा सगळा इतिहास दडला आहे. संसर्गाची लक्षणं नसताना दोन आठवडे किंवा जास्त टिकलेली गाठ संशयास्पद धरायची, तसंच दीड सेंटिमीटरहून मोठी, टणक किंवा न हलणारी गाठही. संसर्ग दिसत नसेल तर उगाच अँटिबायोटिक द्यायचं नाही. दुर्बिणीने घसा पाहायचा, आधी सुई, मग गरज पडली तरच सुरी. पाण्याची गाठ निघाली म्हणून तपास थांबवायचा नाही.

त्याच सुमारास कर्करोगाचे टप्पे मोजण्याची पद्धतही बदलली. एचपीव्हीचा आजार उपचारांना चांगली साथ देतो. त्यामुळे घशातलं मूळ लहान असलेल्या ज्या रुग्णाला मानेच्या गाठींमुळे पूर्वी तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात धरलं जाई, तोच त्याच बाजूच्या, सहा सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसह आता पहिल्या टप्प्यात मोजला जातो.