पिकअपचं डोअर पॅड नवं करायच्या आधी

जुन्या पिकअपचे मालक आमच्याकडे येतात ते बहुतेक वेळा पावसाळा संपल्यावर. दाराचं पॅड, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचं आवरण, खालून फुगलेलं, रेक्झीन सुटलेलं, आणि क्लिपा धरत नाहीत म्हणून कुणीतरी मध्येच दोन स्क्रू आवळलेले. "नवं करून द्या," एवढंच म्हणणं असतं. नवं आम्ही करून देतोच, पण आधी जुनं पॅड काढून दाराच्या आत बघतो. त्या बघण्याचे पैसे घेत नाही. दुखणं पॅडचं नसतं, दारात साठणाऱ्या पाण्याचं असतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं केलं, तर पुढच्या दिवाळीत तुम्ही पुन्हा इथेच उभे.

काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच. बाहेरची रबरपट्टी कोरी करकरीत असली तरी थोडं उतरतं. ते आतल्या आत ओघळून दाराच्या तळाच्या भोकांतून रस्त्यावर पडावं, अशी सोय मुळातच केलेली असते. पत्रा आणि पॅड यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो पॅडला कोरडं ठेवतो. काच वर-खाली करणारी मशीन नाहीतर लॉक दुरुस्त करताना हा कागद टराटरा फाडला जातो आणि परत कोणी लावत नाही. जुन्या गाडीचं पॅड म्हणजे शेवटी 3 मिलिमीटरच्या आसपासचा हार्डबोर्ड, लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला पुठ्ठाच. पाणी प्यायला की तो फुगतो आणि क्लिपेचं भोक मोठं होऊन क्लिप त्यातून निसटते. दार आपटलं की येणारा खडखडाट तिथूनच येतो.

घरी तपासून बघा. काच पूर्ण वर करा आणि बाहेरून, काच दारात शिरते त्या पट्टीवर तांब्याभर पाणी हळूहळू ओता. दाराखालून धार लागली तर ठीक. पायाशी मॅट ओली झाली तर कागद गेला. कुठूनच आलं नाही आणि दार हलवल्यावर आत डबडब ऐकू आली, तर भोकं चिखलाने बुजली आहेत. मार्केट यार्डात रोज जाणाऱ्या गाड्यांत हा तिसरा प्रकार जास्त. एका दारातून आम्ही मूठभर माती आणि कोथिंबिरीच्या वाळक्या काड्या काढल्या आहेत. भोकं साफ करायला जाड तार पुरते. मात्र खालून अंडरकोटिंग, म्हणजे गंज रोखणारा लेप, मारून घेताना ही भोकं उघडी ठेवायला सांगा.

नवा कागद लावताना त्याची खालची कड दाराच्या पत्र्याच्या आत खोचावी लागते. बाहेर लोंबत ठेवली तर पाणी थेट पॅडच्या पाठीवर येतं. नारायणगावचे एक गिऱ्हाईक शेततळ्याचा उरलेला कागद घेऊन आले होते. माल उत्तम, पण 500 मायक्रॉनचा ताठ कागद दाराच्या खोलगट भागात बसत नाही. आम्ही 200 मायक्रॉनचा वापरतो.

आता पॅड. बोलेरो पिकअपसारख्या गाडीचं तयार पॅड पुण्याच्या नाना पेठेत मिळत असेल तर तेच घ्या, आम्ही फक्त बसवून देऊ. आमची खरी गरज पडते ती टाटामोबाईल 206 सारख्या गाडीला. 1988 साली बाजारात आलेली ही गाडी आपल्या पिंपरीच्या कारखान्यातली. तिच्या कंपनीला, म्हणजे टाटा मोटर्सला, अजूनही जुन्या नावाने टेल्कोच म्हणणारी मंडळी ती प्रेमाने चालवतात, पण पॅड काही मिळत नाही. अशा गाडीचा आम्ही फर्मा, म्हणजे पॅडच्या मापाचा नमुना, काढतो. जुनं पॅड कितीही कुजलेलं असलं तरी फेकू नका, तुकडेसुद्धा पिशवीत भरून आणा. भोकांची मापं त्यावरूनच मिळतात. डाव्याचा फर्मा उलटा करून उजव्याला चालेल असं गृहीत धरत नाही. अपघातात ठोकून सरळ केलेलं दार थोडं तरी वेगळं असतंच.

बोर्ड म्हणून आम्ही आयएस 710 या भारतीय मानकाचा, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय किंवा 3 मिलिमीटरची एबीएस प्लास्टिकची शीट सुचवतो. प्लायच्या कडा आणि भोकं वॉर्निशने बंद करतो, कारण पाणी शिरतं ते कडेतून. सनबोर्ड, म्हणजे फोमसारखा हलका प्लास्टिकचा बोर्ड, स्वस्त पडतो, पण एप्रिलच्या उन्हात बंद केबिनमध्ये वाकतो. हवाच असेल तर लावून देऊ, खात्री देणार नाही. रेक्झीनखाली पाणी न पिणारा फोम घालतो, गादीचा स्पंज नाही.

जाडीबद्दल हट्ट धरू नका. "जाड टाका, मजबूत होईल" असं सगळे म्हणतात. आम्हीही एकदा गिऱ्हाइकाच्या आग्रहाला बळी पडून 6 मिलिमीटरचा प्लाय लावला. काचेच्या हँडलचा दांडा पॅडमधून पुरेसा बाहेरच येईना, मागची क्लिप खाचेत बसेना आणि हँडल दोनदा गिऱ्हाइकाच्या हातात आलं. दोन्ही पॅड आमच्या खर्चाने पुन्हा नवी करून दिली.

ती क्लिप घरी काढायची असेल तर स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत हँडलमागे यू आकाराची स्प्रिंग असते. हँडल आणि पॅडच्या फटीत सुती कापडाची पट्टी घालून करवतीसारखी मागेपुढे ओढा, स्प्रिंग टक्कन उडते. दुसरा हात आडवा धरा, नाहीतर अर्धा दिवस सीटखाली शोधत बसाल.

स्पीकर हवे असतील तर पॅड कापायच्या आधी सांगा. काच पूर्ण खाली घेऊन, स्पीकरचा मॅग्नेट तिला लागत नाही ना, हे पाहूनच आम्ही भोक पाडतो.

तळाशी गंज नसेल तर दोन दारांना दोन दिवस लागतात. गंज असेल तर घासून प्रायमर आणि रंग वाळायला आणखी एक दिवस धरा. दर काम सुरू करण्याआधी कागदावर लिहून देतो. गाडी नेताना तुमच्यासमोर दोन्ही दारांवर तांब्याभर पाणी ओततो. माल भरायची घाई असली तरी तेवढ्यापुरतं थांबा, आणि दाराखाली धार लागलेली बघूनच उरलेले पैसे द्या.