२६, ४९, ७४: संरक्षण उत्पादनातल्या परकीय गुंतवणुकीच्या टक्क्यांची पार्श्वभूमी

अंबरनाथमध्ये एकेकाळी ‘ऑर्डनन्सला आहे’, म्हणजे सरकारी आयुध कारखान्यात आहे, एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न संपत. सरकारी नोकरी आणि वसाहतीत क्वार्टर, आणखी काय विचारायचं? १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने शस्त्रास्त्रं आणि दारूगोळा पूर्णपणे सरकारच्या यादीत ठेवला होता. खासगी कारखानदाराने ड्रॉइंगप्रमाणे सुटा भाग करून द्यायचा, तपासणीत पास करून घ्यायचा आणि बिलाची वाट बघायची. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या वर्कशॉपवाल्यांना हा व्यवहार वेगळा समजावून सांगायला नको.

ही चौकट मोडली मे २००१ मध्ये. परवाना घेऊन खासगी भारतीय कंपनीला शस्त्रनिर्मितीत शंभर टक्के उतरता येईल आणि त्यात परकीय गुंतवणूक २६ टक्क्यांपर्यंत चालेल, असं ठरलं. कारगिलच्या वेळची टंचाई ताजी होती, त्यामुळे फारसा विरोध झाला नाही. पैसाही फारसा आला नाही. पुढच्या तेरा वर्षांत या क्षेत्रात आलेली थेट परकीय गुंतवणूक २५ कोटी रुपयांच्या आतच राहिली. एवढ्यात आज ठाण्यात एक बरा गाळा आणि त्यात चार चांगली मशिन्स बसतील.

कारण त्या २६ या आकड्यातच होतं. कंपनी कायद्यात विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात. म्हणजे २६ टक्केवाला ठराव अडवू शकतो, पण मंजूर करून घेऊ शकत नाही. परदेशी कंपनीचं म्हणणं सरळ होतं: तंत्रज्ञान आमचं, ताबा तुमचा, मग आम्ही यायचं कशाला? ऑगस्ट २०१४ मध्ये मर्यादा ४९ झाली. त्यावर जायचं तर ‘अत्याधुनिक’ तंत्रज्ञान येत असल्याचं दाखवावं लागे. अत्याधुनिक कशाला म्हणायचं यावर फायली अडायला लागल्यावर जून २०१६ मध्ये तो शब्दच वगळला आणि ‘आधुनिक तंत्रज्ञान किंवा नोंदवलेलं अन्य कारण’ अशी सैल भाषा आली. २०२० मध्ये नव्या परवान्यांसाठी ७४ टक्क्यांपर्यंत आपोआप मंजुरीचा मार्ग खुला झाला, राष्ट्रीय सुरक्षेच्या अटीसह.

आता आकडे शेजारी ठेवून बघा. २००१ मध्ये परदेशी भागीदाराकडे २६ होते, २०२० नंतर भारतीय भागीदाराकडे २६ उरू शकतात. नकाराधिकार तोच, फक्त खुर्च्या बदलल्या. या बदलाची बातमी ‘गुंतवणुकीला चालना’ अशी झाली. खुर्च्यांबद्दल कोणी फारसं बोललं नाही.

खरा गुंता मात्र दुसऱ्या खिडकीवर आहे. गुंतवणुकीचे नियम वाणिज्य खात्याचे, खरेदीचे नियम संरक्षण खात्याचे. २०१६ पासून खरेदीत पहिली पसंती ‘देशातच आरेखित, विकसित आणि उत्पादित’ मालाला आहे. २०२० च्या खरेदी नियमावलीने ही वर्गवारी भारतीय नागरिकांच्या मालकीच्या आणि नियंत्रणातल्या कंपन्यांसाठी राखून ठेवली आणि तिथे परकीय हिस्सा ४९ टक्क्यांवर चालणार नाही असं लिहिलं. म्हणजे ७४ टक्के घेऊन आलेली कंपनी कारखाना इथे काढेल, माणसं इथली घेईल, पण सगळ्यात आधी वाढलेल्या पंक्तीत तिला पाट नाही. तिच्यासाठी वेगळी वर्गवारी आहे: जागतिक खरेदी, उत्पादन भारतात. धोरणाचे समर्थक याला समतोल म्हणतात. मला वाटतं, हे एका हाताने दार उघडून दुसऱ्याने उंबरा उंच करणं आहे. अर्थात तो उंबरा नसता तर इथल्या लहान कंपन्यांनी आधी तक्रार केली असती, हेही खरं.

‘स्वदेशी’चा हिशेबही असाच. पहिल्या पसंतीच्या वर्गवारीत निम्मं मूल्य देशी असावं लागतं. मोजायची पद्धत वजाबाकीची: किमतीतून प्रत्येक पायरीवरचा आयात माल, परदेशी सेवा, रॉयल्टी आणि परवाना शुल्क वजा करायचं. प्रत्येक पायरीवरचा, हे महत्त्वाचं. समजा, रबाळ्याच्या एका शेडमध्ये सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, अ‍ॅल्युमिनियमचा राउंड बार लावून एक हाउसिंग, म्हणजे सुट्या भागाचं बाहेरचं कवच, काढायचं आहे. बार कळंबोलीच्या व्यापाऱ्याकडून आला. बिल रुपयांत, जीएसटी भरलेला, गाडी पनवेल पासिंगची. पण सोबतच्या टीसीवर, म्हणजे धातूच्या चाचणी प्रमाणपत्रावर, हीट नंबर (ओतणीचा क्रमांक) आणि धातूच्या गिरणीचं नाव परदेशी. बार आयात धरायचा की देशी? नियमाने आयातच. मग दोन-तीन पायऱ्या वर बसलेल्या मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागातून फॉर्म येतो: ‘देशी घटक टक्क्यांत लिहून सही-शिक्क्यासह पाठवा.’ मालक टीसी उलटीसुलटी करून बघतो आणि एक आकडा लिहितो. ज्या मशीनवर तो भाग निघाला ते कुठून आलं, हे त्या फॉर्ममध्ये विचारलेलंच नसतं.

ऑफसेटबद्दल थोडक्यात. २००५ मध्ये ३०० कोटींवरच्या परदेशी कंत्राटातली ३० टक्के रक्कम भारतात परत गुंतवायची, म्हणजेच ऑफसेटची, अट आली. २०१६ मध्ये उंबरठा २००० कोटींवर गेला आणि २०२० मध्ये सरकार-ते-सरकार सौद्यांतून ती अटच काढून टाकली गेली.

२०२४-२५ मध्ये देशातलं संरक्षण उत्पादन दीड लाख कोटी रुपयांच्या घरात पोचलं. त्यात खासगी वाटा साधारण २३ टक्के. निर्यातीत मात्र चित्र उलटं आहे: २३,६२२ कोटींपैकी १५,२३३ कोटी खासगी कंपन्यांचे. घरी पानात वाढायला अजून सरकारी हातच जास्त, परक्या दारी खासगी मंडळी पुढे.

आणि अंबरनाथ. १ ऑक्टोबर २०२१ ला देशभरातल्या ४१ आयुध कारखान्यांचं मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये कामगारांनी या बदलाविरुद्ध संप केला होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा करायचा म्हणत होते, तर ३० जूनलाच संपबंदीचा अध्यादेश निघाला. अंबरनाथच्या दोन कारखान्यांपैकी एक नागपूरला मुख्यालय असलेल्या कंपनीत गेला, दुसरा चेन्नईजवळच्या अवाडी गावातल्या कंपनीत. कामगारांना ‘डीम्ड डेप्युटेशन’वर धरलं, म्हणजे काम कंपनीचं, नोकरी सरकारची. मुदत दोन वर्षांची होती. ती नंतर वाढवावी लागली.