मिठाला पाणी सुटतं कुठून?

मे महिन्यात हर्णैचं घर बंद केलं, ते गणपतीलाच उघडलं. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स गेलेला. वर कौल गळत नव्हतं, बॉक्स भिंतीपासून हातभर लांब, तरी ‘पाणी गेलं असणार’ हेच सगळ्यांचं मत. मी स्क्रू काढले. पाण्याचा डाग कुठेच नाही. पॉवरच्या पिनांपाशी हिरवट पूड आणि दोन पिनांच्या मधे केसाहून बारीक, तपकिरी झुडूप.

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं असं आपण म्हणतो. खरं तर सुटत काहीच नाही, मीठ ते पाणी हवेतून ओढून घेतं. 25 अंश सेल्सिअसला सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्ष असलेली वाफ, 75 टक्क्यांवर गेली की कोरडा कण ओढलेल्या पाण्यात विरघळून खारा थेंब होतो. समुद्री मिठातल्या मॅग्नेशियम क्लोराइडला तर 33 टक्केही पुरतात. लाटा फुटताना उडणारे तुषार वाऱ्याने घरात येतात आणि त्यांतलं मीठ सर्किट बोर्डावर बसतं. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता दिवसच्या दिवस 80 च्या वर असते. म्हणजे बोर्डावर खाऱ्या पाण्याचा अदृश्य थर कायमचाच.

खरी गंमत पुढे आहे. प्लग लावलेला असेल तर बोर्डावरच्या शेजारच्या दोन तांब्याच्या पट्ट्यांत काही व्होल्टचा फरक असतो आणि अंतर मिलिमीटरभरही नसतं. धन पट्टीवरचा तांब्याचा अणू इलेक्ट्रॉन सोडून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतो, खाऱ्या थरातून ऋण पट्टीकडे जातो आणि तिथे इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा धातू होतो. जिथे जरा टोक आलं तिथे विद्युत क्षेत्र तीव्र, म्हणून पुढचे आयनही तिथेच येतात. टोक वाढतं, त्याला फांद्या फुटतात आणि नेच्याच्या पानासारखं झाड ऋण बाजूकडून धन बाजूकडे सरकतं. ते टेकलं की शॉर्ट. कधी तो धागा त्याच करंटने जळतो आणि वस्तू पुन्हा चालू लागते. ‘कधी चालतो, कधी नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

म्हणून तांदळाच्या डब्यात मोबाइल पुरणं सोडा. पावसाळ्यात तांदूळच सर्द, आणि समजा फोन सुकला तरी मीठ आतच राहतं. कपाटातल्या कापराने, डांबरगोळ्यांनीही हवेतली ओल कमी होत नाही. रोज चालणारा टीव्ही टिकतो तो उबेमुळे: 27 अंशांची 90 टक्के दमट हवा 32 अंशांवर नेली की आर्द्रता 68 च्या आसपास येते. कपाटात पडून असलेल्या कॅमेऱ्याला ती ऊब नाही. त्याच्या भिंगावर बुरशीची जाळी धरते आणि तिच्या आम्लाने काचेवरचा लेप कायमचा खरवडला जातो. त्याला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल हवं.

बॉक्सचा प्लग स्क्रू काढण्याआधीच काढला होता. पिनांवर आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकून जुन्या टूथब्रशने घासलं, थोडं डिस्टिल्ड वॉटर, पुन्हा अल्कोहोल, मग दिवसभर पंख्याखाली. संध्याकाळच्या आरतीआधी हिरवा दिवा लागला.