वानोळ्यातली भाजी, वानोळ्यातलं बी

मांडवावरचा दुधी लागायचा तेव्हा एकटा लागत नाही. आठ दिवस नुसती पांढरी फुलं, आणि मग एकाच वेळी चार दुधी काढणीला. भेंडीला तर तेवढाही धीर नसतो. सोमवारी बोटाएवढी दिसलेली भेंडी बुधवारी निबर होते. शेंडा मोडून पाहिला तर तुटायच्या ऐवजी वाकतो. भर उन्हाळ्यात, फ्रीज नसलेल्या घरात, तोडलेली भाजी संध्याकाळपर्यंत मान टाकते. एवढ्या भाजीचं करायचं काय? काही गवार, काही कारली चिरून वाळवणात जायची. बाकीची शेजारी, सोयऱ्यांकडे, लेकीच्या सासरी. तोच वानोळा. आणि ज्या वाटीतून तो आला ती वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असे.

महाराष्ट्रातल्या उन्हाळी भाजीची सगळी रचना पाण्याभोवती उभी राहिली. चैत्र लागेपर्यंत कोरडवाहू भागातल्या विहिरी तळाला जातात. मग ओल उरते ती न्हाणीच्या आणि मोरीच्या सांडपाण्याला. म्हणून दोडका, कारलं, दुधी घराच्या पाठीला लावत. वेल मांडवावर किंवा छपरावर चढे आणि खाली गुरांना सावलीही होई. गवार थोड्या पाण्यावर तग धरते, म्हणून तिला बांधाकडेची जागा चाले. विदर्भात ढीवर-भोई समाजाची माणसं नदीचं पाणी ओसरल्यावर वाळूत खड्डे घेऊन, त्यात शेणखत भरून डांगरवाडी, म्हणजे नदीपात्रातली वेलांची वाडी, करत. वर वाळू पाय भाजेल इतकी तापलेली आणि खाली वेलाची मुळं ओलीत. धरणं आणि वाळूउपसा यांनी या वाड्यांची जागा बरीच खाऊन टाकली आहे.

पण वानोळ्यात नुसती भाजी जात नव्हती, बीही जात होतं, आणि माझ्या मते खरा इतिहास त्या बियाचा आहे. मिरची आणि लाल भोपळा मूळचे अमेरिकेतले. १६व्या शतकात पोर्तुगीज जहाजांमागून ते या किनाऱ्यावर आले. त्यांना घाटावर, पार वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचवायला कुठलं कृषी खातं नव्हतं. बाजारातून आणि पदराच्या गाठीतून ते हिंडले. कुठलं फळ बियाला धरायचं, हे बहुतेक घरांत बाईच ठरवायची. वेलावरचं पहिलं, सरळ, निकोप फळ तोडायचं नाही; त्याला चिंधी बांधून ठेवायची, म्हणजे कुणी चुकून हात लावणार नाही. दुधी वेलावरच वाळला की हलवून पाहायचा. आत बी खुळखुळलं की झालं. मग ते राखेत घोळवून मडक्यात ठेवायचं, नाहीतर शेणात कालवून भिंतीला थापायचं.

यात एक बारीक शास्त्र होतं. कडक उष्म्यात वेलभाज्यांना नरफुलं जास्त येतात, फळ धरणारी मादीफुलं कमी. वैशाखातही ज्या वेलाला फळ टिकलं त्याचंच बी पुढच्या साली मातीत गेलं. पिढ्यान् पिढ्या असं झालं, की त्या गावचं बी त्या गावच्या उन्हाला सरावतं.

ही साखळी तुटली कशी? सगळा दोष बाजारावर टाकणं अन्यायाचं होईल. उन्हाळी भेंडीवर केवडा पडायचा: पांढरी माशी रोग पसरवायची, पानांच्या शिरा पिवळ्या व्हायच्या आणि उभं पीक हातचं जायचं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं या रोगाला तोंड देणारं ‘पुसा सावनी’ वाण दिलं. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी त्याचं बी वाढवून शेतकऱ्यांना पुरवायला सुरुवात केली आणि १९६४ मध्ये महिको ही कंपनी उभी राहिली. पुढे पुसा सावनीही केवड्याला बळी पडू लागली, तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठानं रानभेंडीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ काढली. ही दोन्ही सरळ वाणं. त्यांचं बी घरी धरता येत होतं, वानोळ्यात देताही येत होतं.

फरक पडला तो संकरित बियाण्यानं. त्याचं उत्पन्न जास्त, फळ एकसारखं, दूरच्या मंडईपर्यंत टिकणारं. मात्र त्याचं बी धरून लावलं तर पुढचं पीक आईबापासारखं येत नाही. दरवर्षी नवं पाकीट आलं आणि चिंधी बांधायचं कारण संपलं. बियाला खंडही सोसत नाही. १९७२ च्या दुष्काळासारख्या साली ज्या घरात वेलच उभा राहिला नाही, तिथलं बी संपलं. आणि तेच बी शेजारीही उरलं नसेल तर ते कायमचं गेलं.

कायद्यानं मात्र ही वाट बंद केलेली नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये झाला. त्यानुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायची, पुन्हा पेरायची, बदलून द्यायची, वाटायची आणि विकायचीही मोकळीक आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. ‘वाटणे’ हा हक्क कायद्यात स्वतंत्रपणे लिहिला गेला, याचं मला फार मोल वाटतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी वाल, घेवडा, वेलभाज्या आणि भाताची जुनी वाणं गोळा केली, ग्रामविकासाचं काम करणाऱ्या बायफ संस्थेच्या साथीनं घरातच बियाणे बँक उभी केली आणि ते बी गावोगावच्या बायांच्या हाती दिलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडून बी नेलेल्या घरांत आता पुन्हा एखादं फळ न तोडता वेलावर वाळू दिलं जातं.